डुकरांचा ताप आणि भिंतीतला गोचीड

साताऱ्यात काय नि सांगलीत काय, गोचीड म्हटलं की आधी आठवते ती गाय. संकरित गाईला गोचीडताप आला की दूध बघता बघता निम्म्यावर येतं, खांद्यापुढच्या गाठी सुजतात आणि अख्खं घर डॉक्टरच्या वाटेकडं डोळे लावून बसतं. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यात औषधाच्या फवारण्या झाल्या. त्यामुळं 'गोचिडापासून डुकरांनाही विषाणूचा रोग होतो' असं कानावर पडलं की माणसाच्या मनात तोच गोठ्यातला, कासेला चिकटलेला गोचीड येतो. वराहपालनाच्या एका बैठकीत वडार वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या पालकानं मला सरळ विचारलं होतं, "डॉक्टर, म्हशीच्या अंगावरचा ह्यो गोचीड डुकराला चावला तर त्यो आफ्रिकेचा रोग हुतो का वो?"

नाही होत. पण एवढंच सांगून मी उठलो असतो तर त्यांनी दोन चुकीच्या गोष्टी घरी नेल्या असत्या. एक म्हणजे गोचिडाचा या रोगाशी, म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवरशी, काही संबंधच नाही, आणि दुसरी म्हणजे आपल्याला धोका नाही. संबंध आहे आणि तो फार जुना आहे. फक्त तो गोचीड वेगळा आहे, त्याचं राहणं वेगळं आहे आणि रोगातलं त्याचं कामही आपण समजतो त्यापेक्षा वेगळं आहे. ते नीट कळलं तर कशाला घाबरायचं आणि कशावर पैसा घालवायचा नाही, हे दोन्ही कळतं.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण तिथंच बरेच जण अडकतात. स्वाइन फ्लू हा माणसांमध्ये पसरणारा श्वसनाचा आजार. 2009 मध्ये पुण्यात त्यानं हाहाकार उडवला तेव्हापासून 'स्वाइन' शब्द ऐकला तरी लोक तोंडाला रुमाल लावतात. दुसरा आपल्याकडचा जुना स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा नेहमीचा साथीचा ताप. त्याचा विषाणू वेगळा, त्यावर लस आहे आणि ती आपल्या देशातच तयार होते. तिसरा आफ्रिकन स्वाइन फीवर. तो माणसाला होत नाही, गाई-म्हशी-शेळ्यांना होत नाही, कुत्र्या-मांजरांनाही होत नाही. तो फक्त डुकराच्या कुळातल्या प्राण्यांना होतो. आपल्याकडच्या डुकरांना मात्र असा होतो की कळपातली जवळजवळ सगळी जनावरं जाऊ शकतात. या लेखात बोलायचं आहे ते या तिसऱ्याबद्दल. जुन्या स्वाइन फीवरची लस याला चालत नाही. लस टोचली म्हणून निर्धास्त बसलेले पालक मी पाहिलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

रोगाची लक्षणं थोडक्यात अशी. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण 4 ते 19 दिवसांत ताप चढतो, तोही 40 ते 42 अंश सेल्सिअस. डुक्कर खायचं सोडतं, एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडून राहतं. कान, पोट, मांड्यांच्या आतली कातडी लाल-जांभळी होते. पांढऱ्या यॉर्कशायर जातीत हे चटकन दिसतं, आपल्या काळ्या गावठी डुकरात दिसत नाही, तिथं बोट लावून ताप आणि सुस्तीवरूनच ओळखावं लागतं. ओकारी, रक्ताची हगवण, गाभण माद्यांचे गर्भपात. आणि बरेचदा यातलं काही दिसायच्या आतच सकाळी दोन डुकरं मरून पडलेली असतात. हा विषाणू रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच वाढतो आणि तांबड्या पेशींनाही चिकटून राहतो. त्यामुळं आजारी जनावराच्या रक्ताच्या थेंबाथेंबात तो प्रचंड प्रमाणात असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. गोचीड रक्तावर जगतो आणि माणूस सुरी चालवतो, दोघांचाही संबंध याच रक्ताशी येतो.

आता गोचिडाकडं येऊ. गोचिडांची दोन मोठी कुळं आहेत. आपण गाई-म्हशीवर बघतो तो कठीण पाठीचा गोचीड. त्याच्या पाठीवर टणक ढालीसारखी चकती असते, तोंडाचा भाग वरून पाहिला तरी पुढं आलेला दिसतो. तो जनावराला एकदा चिकटला की कित्येक दिवस तिथंच रक्त पितो, फुगून एरंडाच्या बीएवढा होतो आणि मग गळून पडतो. दुसरं कूळ मऊ गोचिडाचं. त्याला पाठीवर ढाल नाही, अंग मळकट तपकिरी, चामड्यासारखं सुरकुतलेलं. तोंड पोटाच्या बाजूला असतं, वरून दिसतच नाही. त्यामुळं पहिल्यांदा बघणाऱ्याला त्याचं डोकं कुठलं नि शेपूट कुठली हे कळत नाही.

मऊ गोचीड बघायला आफ्रिकेत जायची गरज नाही. गावठी कोंबड्या पाळणाऱ्या घरात जुनं लाकडी खुराडं असेल तर रात्री नऊ-दहानंतर विजेरी घेऊन जा. दिवसा काहीही दिसणार नाही. रात्री फळीच्या सांध्यातून, खिळ्याच्या भोकातून, खालच्या विटांच्या फटीतून चपटे, अंडाकृती, करड्या रंगाचे जीव बाहेर येताना दिसतील. कोंबडीच्या पायाला, पंखाखाली लागतात, थोड्या वेळात पोट भरतात आणि उजाडायच्या आत परत फटीत. चपटी सुरी फटीतून ओढली तर त्यांच्या टाकलेल्या काती, काळी विष्ठा आणि एकमेकांवर रचल्यासारखे बसलेले गोचीड एकदम बाहेर येतात. बोटानं उलटा केला तर आठ पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो, आणि जरा वेळानं चालायला लागतो. कोंबड्यांमध्ये हा रक्तातल्या एका जंतूचा ताप पसरवतो. डुकरांच्या विषाणूचा वाहक तो नाही. पण डुकरांचा विषाणू सांभाळणारा गोचीड त्याच्याच कुळातला आणि त्याची राहणी तंतोतंत अशीच आहे: दिवसभर फटीत, रात्री तासाभराचं जेवण, आणि पुन्हा फटीत.

त्या गोचिडाच्या प्रजातीला शास्त्रज्ञ ऑर्निथोडोरोस म्हणतात. आफ्रिकेत त्याची मौबाटा ही जात आणि तिचे जवळचे भाऊबंद, स्पेन-पोर्तुगालमध्ये एरॅटिकस ही जात. जन्मल्यापासून म्हातारा होईपर्यंत हा प्राणी चार-पाच वेळा कात टाकतो, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्याला त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागतं. मधल्या काळात खायला मिळालं नाही तर तो थांबतो. महिने थांबतो, वर्षं थांबतो. एरॅटिकस गोचीड काही न खाता चार-पाच वर्षं काढू शकतो आणि एकूण आयुष्य पंधरा वर्षांपर्यंत जाऊ शकतं. डेंग्यूचा डास काही आठवडे जगतो, त्याच्या जोरावर विषाणूला फार काळ तग धरता येत नाही. इथं वाहकाचं आयुष्यच डुकराच्या आयुष्यापेक्षा मोठं आहे.

रक्ताबरोबर विषाणू गोचिडाच्या पोटात गेला की पुढं काय होतं, हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो. आपल्या पोटात गेलेलं अन्न आम्लात विरघळतं. गोचीड मात्र रक्त फार सावकाश, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींच्या आत घेऊन पचवतो. त्यामुळं विषाणूला नष्ट व्हायची घाई नसते, तो त्याच पेशींमध्ये वाढायला लागतो. काही आठवड्यांत तिथून निघून लाळेच्या ग्रंथींत, पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींत आणि प्रजननाच्या अवयवांत पोचतो. पुढच्या वेळी गोचीड चावला की लाळेतून विषाणू डुकरात उतरतो. शिवाय मऊ गोचीड रक्त पिताना त्यातलं जास्तीचं पाणी पायाच्या बुडाशी असलेल्या या ग्रंथींतून बाहेर टाकतो, चावलेल्या जागेजवळ तो ओलावा पसरतो, आणि आफ्रिकेतल्या मौबाटा जातीत त्या पाण्यातही विषाणू सापडला आहे. कात टाकली तरी विषाणू आतच राहतो. मौबाटा जातीत तर नराकडून मादीकडं आणि मादीकडून अंड्यांत जातो, म्हणजे ज्या पिल्लानं अजून डुक्कर पाहिलंही नाही ते विषाणू घेऊनच जन्माला येतं. आणि एवढं होऊनही बहुतेक गोचिडांना त्याचा फारसा त्रास होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. कीटक-गोचिडांमार्फत पसरणारे बहुतेक विषाणू, डेंग्यू, चिकुनगुन्या वगैरे, आरएनए प्रकारचे असतात. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू डीएनए प्रकारचा आहे आणि अशा वाहकांतून फिरणारा ज्ञात असलेला तो एकमेव डीएनए विषाणू. त्याच्या कुळातही तो एकटाच. त्याची जनुकीय रचना मोठी आणि गुंतागुंतीची आहे, लस बनवताना शास्त्रज्ञांची इतकी दमछाक झाली त्यामागं हे एक कारण आहे.

हा रोग जगाला कळला तो केनियात. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तिथं पाळीव डुकरं नेली, 1910 च्या सुमारास ती धडाधड मरू लागली, आणि आर. युस्टेस माँटगोमेरी या पशुवैद्यानं 1921 मध्ये या रोगाचं पहिलं सविस्तर वर्णन छापलं. माँटगोमेरींना तेव्हाच दिसलं होतं की तिथल्या रानटी वॉर्टहॉगांशी, म्हणजे तोंडावर मांसल गाठी आणि वळलेले सुळे असलेल्या आफ्रिकी डुकरांशी, याचा काहीतरी संबंध आहे. वॉर्टहॉग मात्र ठणठणीत. मग विषाणू त्यांच्याकडून पाळीव डुकरांकडं येतो कसा? पिढी उलटून गेली तरी हे कोडं सुटलं नव्हतं.

उत्तराचा धागा सापडला तो आफ्रिकेत नाही, स्पेनमध्ये. 1963 मध्ये सांचेझ बोतिखा या स्पॅनिश संशोधकानं डुकरांच्या खोपटांतल्या एरॅटिकस गोचिडांत हा विषाणू आहे हे दाखवलं. मग 1969 मध्ये वॉल्टर प्लॉराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या वॉर्टहॉगांच्या बिळांतून मौबाटा गोचीड गोळा केले आणि त्यांतही विषाणू निघाला. हे तेच प्लॉराइट, ज्यांच्या लशीमुळं गाईगुरांची बुळकांडी पुढं जगातून संपली. आपल्याकडच्या सत्तरीतल्या शेतकऱ्यांना बुळकांडी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. 2011 मध्ये ती जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

आफ्रिकेतलं चक्र असं चालतं. वॉर्टहॉग बिळात राहतो, बहुधा आर्डव्हार्क या दुसऱ्याच प्राण्यानं खोदलेल्या. त्या बिळाच्या भिंतीत गोचीड असतात. वॉर्टहॉगीण बिळात पिल्लं घालते, पिल्लं काही आठवडे तिथंच असतात, आणि गोचीड त्यांना चावून विषाणू देतात. पिल्लं मरत नाहीत, पण थोडे दिवस त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. तेवढ्यात दुसरे गोचीड त्यांना चावून विषाणू घेतात. मोठ्या वॉर्टहॉगच्या रक्तात मात्र विषाणू इतका कमी असतो की त्याला चावून गोचिडाला काही लागत नाही, आणि मोठा वॉर्टहॉग थेट संपर्कातून दुसऱ्या डुकराला सहसा रोग देतही नाही. म्हणजे सगळा व्यवहार गोचीड आणि पिल्लू यांच्यात, तोही एका बिळाच्या आत. पाळीव डुकरांपर्यंत तो येतो ते वॉर्टहॉगच्या अंगावर चिकटून आलेला एखादा गोचीड डुकरांच्या आवाराजवळ गळून पडला तर, किंवा शिकारीचं जनावर गावात आणलं तर. मलावी, मोझांबिकसारख्या देशांच्या काही भागांत हे गोचीड गावातल्या डुकरांच्या खोपटांतच वस्तीला आले आहेत. तिथं वॉर्टहॉगची गरजच राहिलेली नाही.

गोचीड स्वतः फार चालत नाही, उडत तर नाहीच. तो विषाणू लांब नेत नाही. तो विषाणूला एका जागी, वर्षानुवर्षं जपून ठेवतो. गोचिडाचं खरं काम ते आहे, आणि हे कुठं कळलं तर पोर्तुगालमध्ये.

1957 मध्ये लिस्बनच्या विमानतळाजवळच्या डुकरांना विमानातलं उरलंसुरलं अन्न घातलं गेलं. त्यात आफ्रिकेतून आलेलं संसर्ग झालेलं डुकराचं मांस होतं. तिथली डुकरं मेली, साथ त्या वेळी आटोक्यात आली. 1960 मध्ये विषाणू पुन्हा आला, सीमा ओलांडून स्पेनमध्ये गेला आणि पुढची तीसेक वर्षं त्यानं दोन्ही देशांत ठाण मांडलं. दक्षिण-पश्चिम भागात ओकच्या झाडांखाली मोकळी चरणारी डुकरं रात्री दगडी, मातीच्या जुन्या खोपटांत येत. त्या भिंतींत एरॅटिकस गोचीड. साथ आली, डुकरं मारली, खोपट रिकामं ठेवलं, वर्ष-दोन वर्षांनी नवीन कळप आणला, आणि भिंतीतले भुकेले गोचीड पहिल्याच रात्री बाहेर आले. पोर्तुगालमध्ये साथ झालेल्या खोपटांतले गोचीड संशोधकांनी वर्षानुवर्षं गोळा करून तपासले, तेव्हा डुकरं हलवल्यानंतर 5 वर्षांहून अधिक काळानंतरही त्यांच्यात जिवंत विषाणू मिळाला. 1999 मध्ये, रोग संपला असं मानल्यावर काही वर्षांनी, पोर्तुगालच्या दक्षिणेतल्या एका जागी तो पुन्हा उद्भवला आणि त्याचा संबंध गोचिडांशीच लावला गेला.

स्पेननं 1985 पासून दहा वर्षं नेटानं मोहीम चालवली. डुकरांचे रक्ततपास, लागण झालेल्यांची विल्हेवाट, पालकांना भरपाई, आणि या सगळ्याबरोबर जुनी खोपटं सोडून सिमेंटच्या गुळगुळीत भिंतींचे नवे गोठे. नुसत्या औषधफवारणीवर ते थांबले नाहीत, आणि त्याला कारण आहे. मऊ गोचीड डुकराच्या अंगावर रात्री जेमतेम अर्धा-एक तास असतो, म्हणून अंगावर लावलेलं औषध त्याला फारसं भेटत नाही. फटीत तो इतका आत बसलेला असतो की फवारा तिथवर पोचत नाही. गाईच्या गोचिडावर चालणारा उपाय इथं निम्मा वाया जातो. फट बुजवणं किंवा ती भिंतच सोडणं हा खरा उपाय.

मग सगळा दोष गोचिडाचा? अजिबात नाही, आणि आपल्या भागासाठी लेखाचा हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर 1978 मध्ये हा रोग आला. तिथं हे गोचीड नाहीत. तरीही तो चार दशकांहून जास्त टिकला, कारण बेकायदा मोकाट सोडलेली डुकरं, रानडुकरं आणि माणसांच्या सवयी. त्या बेटाची सुटका झाली ती 2024 मध्ये. 2007 मध्ये विषाणू जॉर्जियात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर आला, बहुधा जहाजातल्या टाकाऊ अन्नातून. तिथून रशिया, 2014 मध्ये युरोपीय संघ, ऑगस्ट 2018 मध्ये चीन. हा सगळा प्रवास गोचिडाविना झाला. मांस, खरकटं, गाड्या, बूट, व्यापाऱ्यांच्या फेऱ्या, रानडुकरांची मढी, हे त्याचे रस्ते. विषाणू गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं आणि वाळवलेल्या-खारवलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरतो.

भारतात तो 2020 मध्ये अरुणाचल आणि आसाममधून शिरला. मे महिन्यात भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढं ईशान्येतली इतर राज्यं, आणि जुलै 2022 मध्ये केरळातलं वायनाड. आसाम ते वायनाड एवढं अंतर कुठलाही गोचीड चालत जात नाही. भारतातल्या साथींत गोचिडाचा हात असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ऑर्निथोडोरोसची सॅव्हिग्नी नावाची एक जात भारतात आहे. ती कोरड्या, वाळूच्या जागी, जनावरं विसावतात त्या झाडांखाली मातीत राहते, आणि प्रयोगशाळेत तिनं हा विषाणू डुकरापर्यंत पोचवल्याचं दिसलं आहे. म्हणून माण, खटाव, जत, आटपाडीसारख्या कोरड्या तालुक्यांत वराहपालन वाढत असेल तर गोठ्याखालची माती आणि भिंतीच्या फटी पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी आताच तपासून ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. अशा तपासणीला फार मोठा खर्च नसतो. कर्बवायूचा सापळा, म्हणजे ड्राय आइसचा तुकडा ठेवला की जनावराचा श्वास समजून गोचीड बाहेर येतात. रोग येऊन बसल्यावर हे करण्यात अर्थ राहत नाही.

रानडुकरांचंही बोललं पाहिजे. पाटण, जावळी, शिराळा या पट्ट्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेनं, रानडुकरांनी भुईमुगाचा नि उसाचा जो नाश चालवलाय तो सगळ्यांना माहीत आहे. आफ्रिकेच्या वॉर्टहॉगसारखं आपलं रानडुक्कर या रोगाला पचवत नाही. ते पाळीव डुकराच्याच जातीचं आहे, लागण झाली तर तेही मरतं. आणि ते बिळात राहत नाही, झुडपात-गवतात बसतं, म्हणून फटीत राहणाऱ्या गोचिडाची आणि त्याची गाठ सहसा पडत नाही. पण मेलेल्या रानडुकराच्या अंगात विषाणू बराच काळ राहतो. रानात अशी मढी दिसली, विशेषतः जवळजवळ एकापेक्षा जास्त, तर हात न लावता वनरक्षकाला सांगायचं. शिकारीचं मांस वस्तीवर आणून त्याची आतडी डुकरांपुढं टाकणं म्हणजे रोगाला घरात बोलावणं.

आपल्याकडं डुकरं पाळणारे बहुतेक जण, पिढ्यानपिढ्या हे काम करणारी कैकाडी-वडार कुटुंबं असोत की नव्यानं शेड टाकलेली पोरं असोत, हॉटेलच्या खरकट्यावर धंदा चालवतात. पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून कराडपर्यंत ढाबे आहेत, रात्री पिंप भरून खरकटं मिळतं, आणि खाद्याचे भाव बघितले तर त्या पालकांना मी दोष देत नाही. खरकटं बंद करा, असं पुस्तकी सांगण्यानं कोणी बंद करणार नाही. ते शिजवा. 90 अंश सेल्सिअसला, सतत ढवळत, पुरा एक तास, हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मोठं पातेलं चुलीवर ठेवून उकळी फुटल्यापासून तासभर, आणि तळाशी लागलेला गाळ वर येईल असं ढवळायचं. नुसतं गरम केलेलं चालत नाही. हाडं, मांसाचे तुकडे शक्यतो वेगळे काढायचे. कच्चं खरकटं भरलेलं पिंप आणि शिजवलेलं खाद्य द्यायची बादली कधीच एक असू नये.

आणि गोठा. काळ्या दगडाची, मातीनं लिंपलेली जुनी भिंत असेल तर सांधे सिमेंटनं भरून घ्या, चुन्याचा हात द्या. रात्री विजेरी लावून बघायची सवय ठेवा. जुन्या गोठ्याची लाकडं, दगड, माती नव्या शेडमध्ये वापरू नका. नवीन पिल्लं आणली की निदान तीन आठवडे वेगळी ठेवा. लावायला नर किंवा गाभण मादी दुसऱ्याकडून आणताना हीच काळजी. 2019 आणि 2021 च्या महापुरात सांगलीकडं जनावरं मिळेल तिथं हलवावी लागली. तशी वेळ आली तर दोन मालकांची डुकरं एका कुंपणात न घालणं एवढं तरी जमवावं. गोठ्यातल्या चावणाऱ्या माश्याही एका डुकराचं रक्त तोंडाला लागलेलं असताना दुसऱ्याला चावल्या तर दिवसभरानंतरही विषाणू पोचवू शकतात, पण त्यांच्यात तो वाढत नाही. आणि सुरुवातीच्या प्रश्नातला म्हशीचा गोचीड? कठीण पाठीच्या गोचिडात हा विषाणू वाढत नाही. त्याच्यावर फवारणी करा, पण म्हशीसाठी करा, डुकरांच्या या रोगासाठी नव्हे.

लस हा प्रश्न हमखास येतो. व्हिएतनामनं 2022 मध्ये एका लशीला मान्यता दिली. आपल्या पालकाच्या हाती अजून लस नाही, इलाजाचं औषधही नाही. कोणी इंजेक्शन देऊन बरं करतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

डुकरं अचानक मरायला लागली तर पहिल्या तासात काय करायचं ते ठरलेलं असू द्या. मेलेलं डुक्कर फाडायचं नाही, ओढ्यात टाकायचं नाही, वाचलेली विकून मोकळं व्हायचं नाही. मला ठाऊक आहे, हे शेवटचं सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे. डोळ्यादेखत कर्जाचे पैसे जात असतात, आणि व्यापारी दारात येऊन निम्म्या भावात घेतो म्हणत असतो. पण त्या एका टेम्पोतून रोग दहा वस्त्यांवर जातो. 1962 या पशुवैद्यकीय मदतक्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यानं ही माहिती देणं मालकाला बंधनकारकच आहे. रोग निश्चित झाला की 1 किलोमीटरच्या आतलं क्षेत्र बाधित आणि 10 किलोमीटरपर्यंतचं निगराणीचं ठरतं. बाधित क्षेत्रातली डुकरं मारून खोल पुरली जातात आणि त्याची भरपाई शासन देतं. भरपाईच्या यादीत नाव लागायचं तर डुकरं शासनाच्या नोंदीत आणि जागेवर असावी लागतात, हे वस्तीवर सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

त्यानंतर गोठा किती दिवस रिकामा ठेवायचा? साधारणपणे स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि ठरावीक काळानंतर थोडी डुकरं ठेवून बघायची असा क्रम असतो. पण गोचिडाचा संशय असेल तर आंतरराष्ट्रीय नियम वेगळा आहे. गोठ्यात गोचीडनाशक वापरायचं, मग पहाऱ्यासाठी म्हणून मोजकी डुकरं त्याच जागी सोडायची आणि दोन महिने त्यांच्यावर नजर ठेवायची. भिंतीत कोणी उपाशी बसलेलं असेल तर ते याच डुकरांकडं रात्री येतं. म्हणून ही डुकरं गोठ्याच्या मधोमध न बांधता भिंतीला लागून, पूर्वी जिथं कळप झोपायचा तिथंच ठेवायला सांगावीत, आणि रोज सकाळी त्यांचा ताप मोजून वहीत लिहावा.